जोडलेलं, खोडलेलं, टिकलेलं

सकाळी ६

रात्री यंत्राला लावून ठेवलेलं काम पहाटेपर्यंत उरकलेलं असतं, म्हणून माझा दिवस सहाला सुरू होतो. घरचे उठायच्या आत तासभर निवांतपणे तक्ते तपासता येतात. सध्या हातात तीन मोठी चित्रं आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. येत्या महाराष्ट्र दिनी एका ग्रंथालयाच्या दालनात त्यावर छोटं प्रदर्शन आहे. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी इतकी वर्षं मिळून हे काम कसं केलं, ते तिथल्या भिंतीवर दाखवायचं आहे.

कच्चा माल अफाट आहे. विकिपीडियाच्या प्रत्येक पानावर ‘इतिहास पहा’ असं लिहिलेलं असतं, पण बहुतेक वाचक ते कधी उघडत नाहीत. तिथे त्या पानात झालेल्या प्रत्येक बदलाची एक ओळ असते: वेळ, सदस्याचं नाव, बदलानंतर पानाचा आकार, आणि बदलणाऱ्याने लिहिला असेल तर एका ओळीचा सारांश. वर्षानुवर्षं नोंदणी न करता लिहिणाऱ्यांच्या नावाच्या जागी अंकपत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, आहे. सगळ्या पानांचा असा इतिहास एकगठ्ठा उतरवून घेता येतो. सहकार्याची इतकी बारीक नोंद दुसऱ्या कुठल्याही सार्वजनिक कामाची मी पाहिलेली नाही. वाईला मराठी विश्वकोशाचं एवढं मोठं काम झालं, १९७६ साली त्याचा पहिला खंड आला, पण छापलेली नोंद वाचताना तिच्या मसुद्यात कोणी कोणती ओळ खोडली, कोणी ती परत घातली, हे आपल्याला दिसत नाही. इथे ते सगळं आहे. फक्त ते लाखो ओळींत आहे, आणि लाखो ओळी कोणी वाचत नाही. चित्र काढायचं ते त्यासाठी.

पहिलं चित्र घड्याळाचं: कोणत्या वारी, कोणत्या तासाला किती बदल होतात. नोंदींतली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्या वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यातला अर्धा तास फार छळतो. कोणी आधीच तासातासाचे गठ्ठे करून आकडे दिले, तर आपला तास त्यातून अचूक निघतच नाही. आपल्या आठ ते नऊमध्ये अर्धा भाग एका गठ्ठ्यातला, अर्धा पुढच्यातला. म्हणून मी गठ्ठे घेत नाही. एकेक नोंद घेते, आधी साडेपाच तास सरकवते आणि मग मोजते. आडवे चोवीस तास, उभे आठवड्याचे वार, आणि जिथे बदल जास्त ती चौकट गडद.

या घड्याळात परदेशातली मराठी माणसंही येतात. अमेरिकेतली रात्र म्हणजे आपली सकाळ. कॅलिफोर्नियात रात्रीचे आठ वाजले की आपल्याकडे हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ झालेले असतात आणि उन्हाळ्यात साडेआठ, कारण तिथली घड्याळं मार्चमध्ये तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतात. आता एकाच सदस्याच्या वर्षभराच्या नोंदी मी अशा मांडल्या आणि त्याची कामाची वेळ मार्चमध्ये एकदम तासभर अलीकडे आली, तर तो माणूस भारतात राहत नाही, हे त्याने न सांगता मला कळलं. तो कधी झोपतो, कधी गावाला जातो, कोणत्या महिन्यात त्याचं काही बिनसलं होतं, याचाही अंदाज येतो. एकेक नोंद उघडीच होती, ती त्याने लपवली नव्हती. पण साऱ्या ओळी एका कागदावर आणल्यावर जे दिसलं ते त्याने उघडं केलेलं नाही. ते मी केलं.

म्हणून घड्याळाच्या चित्रात एकट्या माणसाची रांग नाही. सगळ्यांचं मिळून एकच घड्याळ आहे, आणि ज्या चौकटीत अगदी मोजकी माणसं येतात ती शेजारच्या चौकटीत मिसळलेली आहे. चित्र त्यामुळे थोडं पुसट होतं. होऊ दे.

सकाळी ८.३०

एरंडवण्यातल्या ऑफिसात आमच्या दोन खोल्या. माझ्याआधी शिकाऊ मुलगी आलेली असते. संख्याशास्त्र शिकून ती इथे आली आहे आणि तिचे डोळे माझ्यापेक्षा तेज आहेत. आज तिने पडद्यावर सगळ्या पानांच्या आकाराचा आलेख लावलाय.

‘‘ताई, २०१३च्या सुरुवातीला हे काय झालंय? एकाच वेळी हजारो पानं लहान झालीत. कोणी उडवलं एवढं?’’

‘‘अगं, उडवलं नाही, हलवलं.’’

हे सांगायला मला आवडतं, कारण त्यात या सगळ्या उद्योगाची गंमतही आहे आणि धोकाही. त्याआधी प्रत्येक लेखाच्या तळाशी तोच लेख इतर भाषांत कुठे आहे याचे दुवे लिहिलेले असायचे. एखाद्या भाषेत नवं पान आलं की सांगकामे, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारे प्रोग्रॅम, सगळ्या भाषांत फिरून तो दुवा जोडायचे. त्यामुळे ज्या पानावर माणसाचा हात एकदाच लागला, त्याच्या इतिहासात सांगकाम्यांच्या ओळी मात्र ढीगभर. ऑक्टोबर २०१२ मध्ये विकिडेटा हा सगळ्या भाषांचा सामाईक माहितीसाठा सुरू झाला, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला हे दुवे तिथे एकत्र ठेवण्याची सोय झाली, आणि त्याच सांगकाम्यांनी पानोपानीचे दुवे काढून टाकले. वाचकाचं काहीच गेलं नाही. पण पार्श्वभूमी माहीत नसलेल्याने हा आलेख पाहिला, तर त्या वर्षी मराठीवर काही संकट कोसळलं असं तो म्हणेल, आणि आलेख त्याच्या बाजूने साक्ष देईल.

सांगकामे वेगळे काढणं हे दिवसभराचं किचकट काम आहे. त्यांची अधिकृत यादी असते, पण ज्यांचं काम संपलं त्यांचा अधिकार पुढे काढून घेतला जातो, आणि आजच्या यादीवरून मोजलं तर हे जुने सांगकामे माणसांत जमा होतात. नावाच्या शेवटी ‘बॉट’ असणं ही खूण बरी आहे, पण पुरेशी नाही. मग कामाची लय पाहायची: ठरावीक अंतराने, एकाच साच्यातले सारांश, रात्रंदिवस. मुलगी शंकास्पद नावं एकेक उघडून पाहते आणि वहीत खूण करते. संगणकावर यादी असताना ती वही का वापरते, असं मी विचारत नाही. हाताने लिहिलेली नावं लक्षात राहतात.

सांगकाम्यांना मी चित्रातून हाकलत नाही. त्यांना फिका करडा रंग. त्यांच्यामागेही कोणीतरी बसून प्रोग्रॅम लिहिलेला आहे.

सकाळी १०.३०

आता ते चित्र, ज्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. मूळ कल्पना फर्नांदा विएगास आणि मार्टिन वॉटनबर्ग यांची. २००३ साली आयबीएममध्ये असताना या दोघांनी ‘हिस्टरी फ्लो’ नावाचं साधन केलं. पानाची प्रत्येक आवृत्ती म्हणजे एक उभी रेघ. मजकूर जितका मोठा तितकी ती लांब. प्रत्येक लेखकाला एक रंग, आणि त्याने लिहिलेला तुकडा त्या रंगाचा. शेजारच्या दोन रेघांमध्ये जो तुकडा जसाच्या तसा टिकला, तो पट्टीने जोडायचा. अशा शेकडो रेघा एकापाठोपाठ आल्या की रंगीत पट्टे डावीकडून उजवीकडे वाहत जाताना दिसतात. एखादा पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत चाललेला, एखादा उगवला तिथेच तुटलेला.

इंग्रजीतल्या ‘चॉकलेट’ या पानाचं त्यांनी काढलेलं चित्र या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. त्यात एका जागी पट्टे नागमोडी होतात. ‘कूलाज’ नावाचा एक शिल्पप्रकार खरोखर आहे की नाही, यावरून तिथे जुंपली होती. एका बाजूने परिच्छेद घालायचा, दुसऱ्या बाजूने काढायचा, पुन्हा घालायचा. शब्दांत सांगितलं तर ही बाचाबाची. चित्रात तिला आकार आहे, लांबी आहे, आणि ती कुठे संपली तेही दिसतं.

याहून मोठी गोष्ट त्यांनी दाखवली ती आडव्या अक्षाबद्दल. रेघा आवृत्तीच्या क्रमाने समान अंतरावर लावल्या, तर कोणी पान कोरं केलं की तिथे काळी फट पडलेली दिसते. त्याच रेघा तारखेप्रमाणे लावल्या की फट नाहीशी होते, कारण पान कोरं होतं तेच मुळी काही मिनिटं. २००४ साली आलेल्या त्यांच्या निबंधातले दोन आकडे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. पानावरचा बहुतेक मजकूर उडवण्याचे जे प्रकार त्यांना सापडले, ते निस्तरायला सरासरी ७.७ दिवस लागले होते, पण मध्यक होता २.८ मिनिटं. म्हणजे निम्मे प्रकार तीन मिनिटांच्या आत कोणीतरी दुरुस्त केले होते, आणि सरासरी फुगली ती कोणाच्याच नजरेस न पडलेल्या थोड्या पानांमुळे. नुसती सरासरी छापली असती तर त्या राखणदारांचं काम कोणाला कळलंच नसतं.

हे साधन मराठीला जसंच्या तसं लावता येत नाही. आकारापासून अडचण आहे. इतिहासातला आकार बाइटमध्ये असतो. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन लागतात. ‘स्त्री’ आपल्याला एक जोडाक्षर दिसतं. साठवणुकीत ती सहा चिन्हं आहेत आणि अठरा बाइट. बाइट मोजून इंग्रजी आणि मराठी लेख शेजारी ठेवले की मराठी लेख आहे त्याच्या कितीतरी पट भरदार दिसतो. अशी तुलना मी सभांमधून कौतुकाने सांगितलेली ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटलं आहे. मराठीचं काम मोठं आहे हे सांगायला खोट्या मापाची गरज नाही. आम्ही शब्द मोजतो.

दुसरी अडचण डोळ्याला दिसत नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: एक ‘ऱ’ हे वेगळं चिन्ह घेऊन, दुसरा साधा ‘र’ घेऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकून. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. एखाद्याने दुसऱ्या कळफलकावरून तो परिच्छेद पुन्हा टंकला की एकही अक्षर न बदलता सगळे ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘करणाऱ्या’ बदललेले दिसतात आणि त्यांचा रंग नव्या माणसाच्या नावावर जातो. म्हणून तुलना करण्याआधी सगळा मजकूर एकाच पद्धतीत आणायचा. हा नियम तयार मिळत नाही, आपला आपण लिहावा लागतो.

तिसरी अडचण तांत्रिक नाहीच. तुकडा म्हणजे काय? वाक्य की शब्द? कोणीतरी लिहिलं, ‘नदी सह्याद्रीत उगम पावते आणी पूर्वेकडे वाहते.’ दुसऱ्याने येऊन ‘आणी’चं ‘आणि’ केलं. तुकडा म्हणून वाक्य धरलं तर अख्खं वाक्य या दुरुस्ती करणाऱ्याच्या रंगाचं होतं, जे लिहिणाऱ्यावर अन्याय. शब्द धरला तर दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला केसाएवढी रेघ येते. तो वर्षभर रोज अशा दुरुस्त्या करत बसला तरी भिंतीवरच्या चित्रात तो कुठेही नसतो, जे त्याच्यावर अन्याय.

मुलीने आज हेच बोट ठेवून दाखवलं. एका मोठ्या लेखाच्या चित्रात एका सदस्याचं नाव सूचीत आहे, पण रंग सापडत नाही. ‘‘ताई, यांचे या पानावर सगळ्यात जास्त बदल आहेत. आणि हे दिसतच नाहीयेत.’’

मोठं करून पाहिलं. सगळीकडे एकेक शब्द. ह्रस्व-दीर्घ, एकच माहिती दोनदा आलेली, तुटलेले दुवे, काढून टाकलेले परिच्छेद. काढून टाकलेल्याला तर रंगच नसतो, कारण रंग टिकलेल्या मजकुराला असतो.

हे सोडवल्याशिवाय चित्र छापायला द्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे. मिळून केलेल्या लेखनात भर घालणं हे अर्धंच काम. उरलेलं काम खोडण्याचं, सावरण्याचं, पूर्ववत करण्याचं आणि समजूत घालण्याचं असतं, आणि आपली मापं फक्त पहिल्या अर्ध्याची आहेत. २०१३ साली आलेल्या ‘लिसन टू विकिपीडिया’ या साधनाने हे आवाजात छान सोडवलं होतं. मजकूर वाढला की घंटा वाजते, घटला की तार छेडली जाते, आणि बदल जितका मोठा तितका स्वर खर्जातला. खोडण्यालाही तिथे स्वतःचा स्वर आहे. कागदावर मला त्याच्यासाठी जागा शोधायची आहे.

आज जे जमलं ते असं. रंगीत पट्ट्यांच्या खाली आडवी दुसरी पट्टी, त्याच कालक्रमाने. तिच्यात प्रत्येक दुरुस्ती एक ठिपका, प्रत्येक वगळणं एक पोकळ ठिपका, आणि कोणी केलेला उत्पात उलटवला असेल तिथे छोटी उभी खूण. उलटवलेलं ओळखायला सोपं असतं. प्रत्येक आवृत्तीच्या मजकुरावरून काढलेला एक सांकेतिक आकडा नोंदीत मिळतो. आजच्या आवृत्तीचा आकडा चार आवृत्त्यांपूर्वीच्या आकड्याशी तंतोतंत जुळला, तर मधलं सगळं कोणीतरी मागे घेतलं. ठिपक्यांना त्या त्या माणसाचाच रंग. पट्टी लावली आणि मघाशी न सापडणारा तो रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला दिसला. मुलगी खुर्चीतून उठून उभी राहिली.

दुपारी १.३०

डबे उघडले की मी मोरेनोची गोष्ट सांगते. माणसांमधल्या नात्यांचं चित्र ही संगणकाची देणगी नाही. जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यात हडसन इथल्या मुलींच्या सुधारशाळेत काम केलं. मुली तिथून पळून जात होत्या. कोणाला कोणाबरोबर राहायला आवडेल, असं त्याने त्यांना विचारलं, मग प्रत्येक मुलीसाठी एक वर्तुळ आणि प्रत्येक पसंतीसाठी एक रेघ काढली. कोण कोणाच्या मागे गेली, हे त्या रेघांतून उलगडत गेलं. १९३४ साली हे सगळं त्याच्या पुस्तकात आलं.

‘‘मुलींना माहीत होतं, आपलं चित्र काढलं जाणार आहे ते?’’ मुलीने विचारलं.

प्रश्न चांगला आहे. निदान त्यांना समोर बसवून विचारलं तरी होतं. आपण ज्यांची चित्रं काढतो त्यांना कोणी काही विचारलेलं नसतं.

दुपारी २.३०

तिसरं चित्र चर्चेचं. प्रत्येक लेखाला चर्चापान असतं, प्रत्येक सदस्यालाही असतं, आणि सगळ्यांच्या बोलण्यासाठी चावडी आहे. कोण कोणाच्या पानावर लिहायला गेलं, याच्या रेघा काढल्या की जाळं तयार होतं. आम्ही त्यासाठी गेफी हा प्रोग्रॅम वापरतो. त्यातल्या मांडणीत प्रत्येक ठिपका दुसऱ्याला दूर ढकलतो आणि रेघेने जोडलेले ठिपके एकमेकांना ओढतात. थोडा वेळ थरथरून जाळं स्थिर होतं. पाहायला मोहक. पण ठिपके वाढले की नुसतं गुंतवळ उरतं, आणि गुंतवळातून प्रेक्षक एकच निष्कर्ष काढतो की हे फार गुंतागुंतीचं आहे. तेवढ्यासाठी भिंत अडवायची नाही.

पहिला झाडू स्वागतावर. नव्या सदस्याच्या पानावर स्वागताचा तयार साचा लावला जातो. तो बोलण्यात धरला तर स्वागत करणारी दोन-चार खाती विश्वाच्या केंद्रस्थानी जाऊन बसतात. साचे काढले आणि हाताने लिहिलेली वाक्यंच ठेवली. जाळं एकदम विरळ झालं, आणि त्यात माणसं दिसायला लागली.

मार्क स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी युजनेटवरच्या चर्चागटांचा अभ्यास करताना अशी जाळी नीट वाचायला शिकवलं. २००७च्या त्यांच्या लेखात उत्तरं देणाऱ्या माणसाची आकृती वेगळी ओळखू येते. तो खूप जणांना एकदा-दोनदा उत्तर देतो, आणि ज्यांना देतो ते आपसात बोलत नसतात. त्याच्याभोवती फक्त बाहेर जाणाऱ्या रेघा. वाद घालणाऱ्यांची आकृती उलट, दाट आणि परस्परांत विणलेली. ठिपका मोठा की लहान याने काहीच कळत नाही, शेजार कसा आहे याने कळतं. आमच्या चित्रातही अशा काही आकृत्या स्पष्ट आहेत. नवीन माणूस धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, चाचपडत असतो, कोणीतरी येऊन दोन ओळी लिहितं, नवीन माणूस टिकतो. दोन ओळींची रेघ सगळ्यात बारीक. ती मी सगळ्यात गडद काढणार आहे, आणि तसं सूचीत स्पष्ट लिहिणार आहे. गडदपणा संवादाच्या लांबीचा नाही, पहिल्या उत्तराचा आहे. चित्रकाराने बाजू घेतली असेल तर ती सूचीत लिहावी, हा माझा आग्रह आहे.

चावडीवरच्या दाट भागासाठी जाळं सोडून चौकटींचा तक्ता केला. झाक बर्तँ या फ्रेंच नकाशाकाराने १९६७च्या आपल्या ग्रंथात दाखवलेली पद्धत: आडव्या-उभ्या रांगांत तीच माणसं, बोलले त्यांची चौकट भरलेली, आणि रांगा वरखाली हलवत राहायचं, जोवर सारख्या वागणुकीची माणसं शेजारी येत नाहीत. तक्ता जाळ्याइतका देखणा नाही. पण त्यात एकही रेघ दुसरीखाली लपत नाही.

दुपारी ४.३०

मसुदा बऱ्यापैकी झाला की मी तो चित्रातल्याच कोणाला तरी दाखवते. आज फोनवर एक ज्येष्ठ संपादक होते, आयुष्यभर शिक्षक असलेले. मी त्यांना सर म्हणते. चित्रं त्यांना आधीच पाठवली होती.

‘‘ताई, ती खालची पट्टी चांगली केलीत,’’ ते म्हणाले. ‘‘अहो, मी लिहीत फारसं नाहीच. मी काढतो. कुठल्या तरी संस्थेची जाहिरात, पुढाऱ्याची स्तुती, पेपरातून जसाच्या तसा उचललेला उतारा. काढून टाकायचं आणि काढलं का ते चर्चेत लिहायचं. नाहीतर नवा मुलगा दुखावतो आणि परत येत नाही.’’

मग त्यांनी चित्रात नसलेल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहून घेत गेले. जानेवारीत भाषा संवर्धनाचा पंधरवडा असतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, तेव्हा महाविद्यालयांत कार्यशाळा होतात. त्या दिवसांत पाचपन्नास नवी खाती एकाच तासात उगवतात. ‘‘तुमच्या जाळ्यात ती सुटी सुटी पडलीत, एकमेकांशी एक रेघ नाही. पण ती मुलं एका बाकावर बसून एकमेकांना विचारत लिहीत होती.’’

आणि एका लेखावरचा वाद, ज्याचे नागमोडी पट्टे मी मोठ्या उत्साहाने मधोमध ठेवले होते, तो एका दिवशी अचानक थांबलेला दिसतो. चर्चापानावर त्या दिवशी काहीच नाही. मी विचारलं, कोण हरलं?

‘‘हरलं कोण? दोघांना मी फोन केला. अर्धा अर्धा तास बोललो. दोघांचे संदर्भ वेगवेगळ्या आवृत्त्यांचे होते, एवढंच निघालं.’’

त्या मिटलेल्या भांडणाची एकही नोंद कुठे नाही. सहकार्याचा सगळ्यात नाजूक भाग कदाचित नेहमीच नोंदीबाहेर होतो. तरी चित्राने तसं कबूल करायला हवं. नागमोडी पट्टे जिथे संपतात तिथे आता एक छोटी टीप जाईल, सरांच्या परवानगीने: इथे दोघं फोनवर बोलले. कार्यशाळांच्या दिवसांवर फिकट पट्टा, आणि त्यावर लिहिलेलं: हे लेखक एका खोलीत होते.

संध्याकाळी ७

मुलगी घरी गेली. उरलेला प्रश्न नावांचा.

दोन कर्तव्यं इथे परस्परांना भिडतात. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली आहे, त्यात लिहिणाऱ्याला श्रेय देणं ही अट आहे. इतकी वर्षं फुकट राबलेल्या माणसांची नावं गाळून त्यांच्या कामाची चित्रं टांगणं मला पटत नाही. दुसरीकडे, सकाळचं घड्याळ डोळ्यांसमोर आहे. नावासकट काय काय उघडं पडू शकतं, ते मला माहीत आहे.

विचार करून ठरवलं ते असं. पट्ट्यांच्या चित्रात काम दिसतं, म्हणून तिथे नावं, त्यांनी स्वतः निवडलेली, त्यांनीच लिहिली तशी. अंकपत्ते मात्र छापायचे नाहीत. नोंदणी न करता लिहिणाऱ्या सगळ्यांना मिळून एक रंग, पण तो करडा नाही, कारण ते सांगकामे नाहीत. त्यांच्यासाठी गडद हळदी रंग ठेवला आहे. घड्याळाच्या चित्रात सवयी दिसतात, म्हणून तिथे एकही नाव नाही. चर्चेच्या चित्रात भांडणंही आहेत आणि मदतही, म्हणून तिथे नावांऐवजी भूमिका: उत्तर देणारा, राखण करणारा, पहिल्यांदा आलेला.

पट्ट्यांतल्या सदस्यांना त्यांच्या चर्चापानावर निरोप लिहायला घेतला. चित्राचा दुवा, प्रदर्शनाची तारीख, आणि विचारणा: नाव छापू का, दुसरं काही छापू, की नुसता रंग राहू दे? उत्तर आलं नाही तर रंग राहील, नाव नाही. हे निरोप उघड्या पानांवर आहेत, तेव्हा पुढच्या वर्षी कोणी असंच जाळं काढलं, तर त्यात माझ्याही रेघा असतील.

सरांचं उत्तर नऊच्या आत आलं. नाव छापायला त्यांची हरकत नव्हती. त्यांनी एक दुरुस्तीही पाठवली होती: सूचीत ‘वगळणूक’ असं मी लिहिलं होतं, ते ‘वगळलेला मजकूर’ करावं. केलं, आणि छापखान्यात द्यायची प्रत पुन्हा काढली.